गाडी पेटते तेव्हा



वसंत व्याख्यानमालेला मंडळी येतात ती वाङ्मय ऐकायला, इतिहास ऐकायला. भाजलेल्या माणसांची हकीकत ऐकायला कोणी हौसेने घरून निघत नाही. तरी आम्ही हा विषय घेतला, कारण नालासोपाऱ्याच्या पूर्वेला पेल्हारच्या अंगाने मुंबई-अहमदाबाद महामार्ग रात्रंदिवस वाहतो, आणि आपल्यातली कितीतरी माणसे त्यावरूनच पोटापाण्याला जातात.

२९ जानेवारी २०१४ च्या रात्री याच रस्त्यावर, मनोरजवळ कुडे गावापाशी, पुण्याहून अहमदाबादला निघालेली आरामबस डिझेलच्या टँकरवर आदळून पेटली. ८ माणसे जळून गेली. पुढे १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक बस उलटली. ती पडली नेमकी दाराच्या अंगावर. दार मिटले, आग लागली, आणि ३३ पैकी २५ जण गेले. काही जण वाचले ते काच फोडून बाहेर पडले म्हणून. तेव्हा बसमध्ये बसल्याबरोबर संकटकालीन खिडकी आणि हातोडी कुठे आहे हे पाहणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये.

पेटत्या गाडीत ज्वाळेइतकाच धूर घात करतो. बाहेर काढलेला माणूस बोलतो आहे, चालतो आहे. पण नाकातले केस करपलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा. अशा माणसाची श्वासनलिका आतून सुजत असते आणि काही तासांत श्वास कोंडू शकतो. त्याला ‘बरा दिसतो’ म्हणून घरी नेऊ नका. आग नसतानाही माणूस भाजतो, हेही ध्यानात असावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले की दाबाखालचे, १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी थेट तोंडावर उसळते.

आता उपचार. भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. अपघाताला तीन तास होईपर्यंतही त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी घरे आहेत; त्यांना २० मिनिटांचे पाणी म्हणजे चैन वाटेल. पण या पाण्याइतके स्वस्त औषध दुसरे नाही. बर्फ नको. हळद, शाई, दंतमंजन तर नकोच नको. अंगठ्या आणि बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. मग स्वच्छ कापड झाकून उरलेले अंग उबदार ठेवावे.

रोग्याचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का. या हिशेबावर डॉक्टर शिरेतून द्यायचे पाणी ठरवतात: वजनाचा प्रत्येक किलो आणि भाजलेला प्रत्येक टक्का यांच्यामागे ४ मिलिलिटर. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला, तर २४ तासांत ७२०० मिलिलिटर, आणि त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे ८ तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हेत, भाजल्यापासून मोजतात. वसई फाट्याच्या वाहनकोंडीत जातात तेही त्यातलेच. म्हणून आधी १०८ ला फोन, जवळच्या रुग्णालयात शिरेतून पाणी सुरू, आणि मग मुंबईची वाट.

मदतीला गेलो तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही धास्ती आता जुनी झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळतो.

शेवटी कातडीविषयी. फार भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची कातडी लावायला पुरेशी उरतच नाही. तोवर दुसऱ्याची लावली, तर जंतुसंसर्ग टळतो आणि अंगातले पाणी टिकते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी २००० साली सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरचा पातळ पापुद्रा तेवढा घेतात. देह विद्रूप होत नाही आणि रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती ५ वर्षांपर्यंत टिकते. पथक घरी येते आणि तासाभरात काम आटोपते. मात्र ऐरोलीहून इकडे यायची वाट घोडबंदरची आहे, तेव्हा तो फोन नातेवाइकांना करायच्या फोनांच्या आधी जायला हवा.