बारा व्होल्टचा भरवसा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी दारातली मोटार हाच घरचा वीजसाठा. मोबाइल, टॉर्च, रेडिओसुद्धा तिच्यावर चालतो. चालवा की, पण बेतानं.

बारा व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून माणसं बॅटरीला बिनधास्त हात घालतात. इथे भीती झटक्याची नाहीच, तापण्याची आहे. सेल्फ मारताना ही बॅटरी शेकड्यानं अँपिअर ओतते. दोन्ही टर्मिनलना एकदम पाना टेकला, की तो तिथेच चिकटतो आणि लाल होतो. बोटात अंगठी असली तर बोट गेलंच म्हणा. टर्मिनलला बारीक वायर गुंडाळली आणि ती पुढे पत्र्यावर घासून शॉर्ट झाली, तर शेगडीच्या तारेसारखी पेटते. म्हणून फ्यूज हवा, आणि तो धन टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. पुष्कळजण तो पार उपकरणाशी लावतात. मग मधल्या वायरला वाली कोण?

त्यापेक्षा लायटरचं सॉकेट बरं. त्याला फ्यूज आधीच असतो, बहुधा 10 ते 15 अँपिअरचा. शंभर वॉटच्या आत राहिलात तर तो उडणार नाही. उडालाच, तर त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबणारे महाभाग मी पाहिलेत. गाडी जाळायचा तो सोपा मार्ग आहे.

आणखी एक. इंजिन चालू असलं की बारा व्होल्ट चौदाच्या वर जातात, आणि ट्रकला तर मुळातच चोवीस असतात. चार्जरवर ‘12-24’ लिहिलेलं बघूनच तो ट्रकमध्ये लावा.

छोट्या मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची. साठ वॉटचा लॅपटॉप इंजिन बंद ठेवून तीन तास चालवला, की ती निम्मी उतरते; मग सकाळी धक्का मारायला शेजारी बोलवा. मोबाइलला मात्र फारसं काही लागत नाही. मधूनमधून इंजिन चालू करायचं असेल, तर गाडी आधी उघड्यावर काढा. बंद शेडमध्ये धूर कोंडतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.