बेडकाला परसबागेत जागा

मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलाने बेडूक काचेच्या बरणीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मेला.

बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो. म्हणून साबणाचं पाणी, फवारणीचं औषध थेट अंगात भिनतं. घरात शिरला की आपण मीठ टाकतो, त्याने तर कातडी भाजते बिचाऱ्याची.

आता न्हाणीपासून लांब, अळूच्या सावलीत घमेलं जमिनीत पुरलंय. चढता-उतरता यावं म्हणून आत दगड, शेजारी फुटका माठ आडवा, वर ओला पाला. पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलते, नाहीतर डासच व्हायचे.

पकडून आणायचा नाही हं, आपणहून येतो. शेतातले बेडूक कमी होऊ लागले, तेव्हा त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवणं सरकारने १९८७ मध्ये बंद केलं. किडे खाणारा गडी आहे तो. आमच्या वांग्यांजवळ रात्री दोन बसलेले असतात.