साधनाताईंची बिऱ्हाडं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. मला कमिटीनं सांगितलं, "दहा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा." बँकेतल्या माणसाची दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, काळजी करू नका. जेवण गार होणार नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली. नऊ बदल्या झाल्या. ऑर्डर माझ्या नावानं निघायची. पण भांडी पोत्यात बांधणं, मुलांचे शाळेचे दाखले काढणं, गॅसचे कागद सांभाळणं, नव्या गावात दूधवाला शोधणं हे सगळं आमच्या सौ.नं केलं. निरोप समारंभातलं शाल-श्रीफळ मात्र मला!

त्यातली एक बदली आलापल्लीची. तिथून एका रविवारी आम्ही दोघं जीपनं भामरागडला गेलो. साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम पाहिला. परतताना हेमलकशाला थांबलो. लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना, माडिया मुलांची शाळा, प्राण्यांचं अनाथालय, सगळं पाहिलं. मी कौतुक करत होतो, सौ. गप्प होती. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "अहो, मुलाला इथं येऊ देताना त्याच्या आईला काय वाटलं असेल?"

त्या आई म्हणजे साधनाताई आमटे. बाबा आमटे सगळ्यांना माहीत आहेत. आज मी ताईंबद्दल बोलणार आहे.

ताईंचा जन्म 1926 साली नागपूरचा. माहेरचं नाव इंदू. घुलेशास्त्रींचं घराणं, सोवळ्याओवळ्याचं. 1946 च्या डिसेंबरमध्ये लग्न झालं आणि त्या वरोऱ्याला आल्या. नवरा वकील, म्हणजे सुखाचा संसार असं कोणालाही वाटेल. पण बाबांनी तिथं श्रमाश्रम काढला होता. वेगवेगळ्या जातींची कष्टकरी माणसं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. सोवळ्यातून आलेल्या मुलीला हे केवढं मोठं स्थलांतर! नागपूर-वरोरा अंतर किलोमीटरमध्ये फार नाही, पण असं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं.

1951 साली दुसरं बिऱ्हाड. वरोऱ्याबाहेरची पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि हातात चौदा रुपये. विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुलं चार वर्षांच्या आतली. कुष्ठरोग्याची सावलीसुद्धा नको म्हणण्याचा तो काळ. आज आपण ज्याला आनंदवन म्हणतो, ते तेव्हा विंचू-सापांचं माळरान होतं. तिथं ताईंनी चूल मांडली. पुढे 1954 साली देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तिथं श्रमदानाला आले, तेव्हा परदेश ताईंच्या अंगणात आला, असं म्हणायला हरकत नाही.

मग 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात नाले भरले की जगाशी संबंध तुटायचा. डॉक्टर झालेला धाकटा मुलगा पुढचं शिक्षण सोडून तिथं गेला. सूनबाई मंदाताई, त्याही डॉक्टर, बरोबर गेल्या. नातवंडं माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकली.

सौ.च्या प्रश्नावर मी तेव्हा म्हणालो, "जी बाई स्वतः दोन तान्ह्यांना घेऊन माळरानावर गेली, तिचा मुलगा जंगलात गेला यात काय नवल?" त्यावर सौ. म्हणाली, "नवल नाही हो. पण काळजी तर वाटणारच ना? काळजी वाटली तरी जाऊ दिलं, ते मोठं." मला हे पटलं. आपल्या सोसायटीत कितीतरी घरांत मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला आहेत. आई विमानतळावरून हसत परत येते आणि घरी आल्यावर दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नसतं. ते आपल्याला दिसतं, पण आपण बोलत नाही.

1990 साली ताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. नर्मदा आंदोलनासाठी बाबा मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नव्हतं. ताई बरोबर गेल्या आणि परक्या मुलखात पुन्हा बिऱ्हाड मांडलं. आपण त्या वयात लिफ्ट बंद पडली तर कमिटीला पत्र लिहितो! पुढे दोघं आनंदवनात परत आले. बाबा 2008 साली गेले, ताई 9 जुलै 2011 रोजी गेल्या. पंच्याऐंशी वर्षांचं आयुष्य.

नवऱ्याच्या मागे गेली, एवढंच म्हणून आपण मोकळे होतो. पण मागे जाणारी बाई जिथं थांबते तिथं चूल पेटते आणि मगच पुढच्याचं काम उभं राहतं. ताईंचं हे सगळं आपल्याला कळतं, कारण त्यांनी 'समिधा' हे आत्मचरित्र लिहून ठेवलं.

आता मुद्द्याचं. या स्मरणिकेत आजवरचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांची यादी आहे. चांगली आहे. पण या पंचवीस वर्षांत आपल्यातल्या काही आज्या गेल्या. नोटीस बोर्डावर दोन ओळी लागल्या, तेवढंच. त्या कोणत्या गावच्या, किती घरं मांडून इथं आल्या होत्या, याची कुठेच नोंद नाही. म्हणून दोन विनंत्या.

पहिली, सोसायटीच्या ऑफिसात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक घरातल्या ज्येष्ठ बाईंनी त्यात आपल्या गावांची आणि घरांची हकीकत लिहावी. लिहवत नसेल तर नातवानं ऐकून लिहावी.

दुसरी विनंती पुरुष सभासदांना, आणि ही बँकवाल्याची आहे. घरी गेल्यावर कपाटातलं शेअर सर्टिफिकेट काढा. त्यावर पत्नीचं नाव आहे का पाहा. नॉमिनेशन भरलंय का पाहा. नसेल तर सोमवारी सेक्रेटरींना भेटा. जिनं घर मांडलं तिचं नाव घराच्या कागदावर असावं, एवढी साधी गोष्ट आहे.

आमच्या सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि घड्याळ दाखवत आहेत. दहा मिनिटं झाली. सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला शुभेच्छा देतो आणि थांबतो.