किंमत कशाच्या शेजारी ठेवली आहे?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. खरेदीच्या ॲपमध्ये कोणता आकडा कुठे दाखवायचा, यावर किती विचार होतो, हे मला ठाऊक आहे. आज एकच मुद्दा मांडतो. कोणतीही किंमत मुळात स्वस्त किंवा महाग नसते. तिच्या शेजारी काय ठेवलं आहे, त्यावरून आपण ते ठरवतो.

एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना विचारलं : तुम्ही १२५ डॉलरचं जॅकेट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घेत आहात. वीस मिनिटांवरच्या दुकानात तोच कॅल्क्युलेटर १० डॉलरला मिळतो. जाल का? ६८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटासाठी किमती उलट केल्या : जॅकेट १५ चं, कॅल्क्युलेटर १२५ चा आणि तिकडे तो १२० ला. आता २९ टक्केच तयार झाले. अंतर तेवढंच, वाचणारे डॉलरही पाचच. बदलला तो फक्त शेजारचा आकडा.

ईदच्या खरेदीत हेच होतं. ३,९९९ वर काट मारलेली असते, खाली १,४९९ लिहिलेलं असतं. आपल्याला अडीच हजार वाचल्यासारखे वाटतात. पण ३,९९९ ला ती वस्तू कुणी घेतली होती का? एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे.

सर्वांत मोठा फटका लग्नात बसतो. हॉलवाला आधी सर्वांत महाग पॅकेज दाखवतो, म्हणजे मधलं आपोआप ‘माफक’ वाटतं. पाच लाखांच्या खर्चाशेजारी स्टेजच्या सजावटीचे वीस हजार किरकोळ दिसतात. तेच वीस हजार बहिणीच्या कोर्सची फी म्हणून मागितले, तर घरात चार दिवस चर्चा होते. त्यात ‘अमक्याच्या निकाहला एवढं केलं’ हा मोहल्ल्याचा आकडा असतोच. त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र मोहल्ला फेडत नाही.

यावर उपाय साधा आहे. दुकानात किंवा ॲपवर जाण्याआधी आपला आकडा कागदावर लिहा. ‘किती वाचले’ हे न विचारता ‘खिशातून किती गेले’ हे विचारा. आणि तेवढे पैसे मिळवायला किती दिवस राबावं लागतं, ते मोजा.

कायदाही सोबत आहे. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘शेवटचे दोनच नग’ असली खोटी घाई त्यात येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तुलना तर आपण करणारच. फक्त ती कशाशी करायची, हे दुकानदाराला ठरवू देऊ नका.