शेल स्क्रिप्ट : ग्रेपचं तिसरं उत्तर

मी वाशिमहून बोलतोय. आजचा विषय छोटा आहे : शेल स्क्रिप्टमध्ये अटीचा निकाल व्हेरिएबलमध्ये कसा ठेवायचा. मोबाईलवर टर्मक्स असेल, तर ऐकता ऐकता करून बघा.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. सहा तालुके, म्हणून समजा सहा फाईली. प्रत्येक ओळीवर पीक विम्याच्या एका अर्जाचा क्रमांक. शेतकऱ्यानं विचारलं, "माझा अर्ज यादीत आहे का?", तर स्क्रिप्टनं उत्तर द्यायचं.

शोधायला ग्रेप घेऊ, सोबत डॅश क्यू एफ एक्स. क्यू म्हणजे स्क्रीनवर काही छापू नको. एफ म्हणजे अक्षरं जशीच्या तशी शोध. एक्स म्हणजे पूर्ण ओळ जुळली पाहिजे, नाहीतर १२ शोधताना ११२ पण सापडतो.

बरेच जण ही कमांड डॉलर लावून कंसात टाकतात. पण कंस फक्त छापलेलं पकडतो, आणि आपला ग्रेप तर गप्प आहे. व्हेरिएबल रिकामंच राहणार. खरा निकाल असतो डॉलर प्रश्नचिन्हात. सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, आणि फाईलच नसेल किंवा उघडली नाही तर २. हो, इथे शून्यवाला पास होतो!

म्हणून ग्रेपच्या लगेच पुढच्या ओळीवर लिहा : निकाल बरोबर डॉलर प्रश्नचिन्ह. 'निकाल' हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहा, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. मध्ये एक साधं एको घातलं, तरी तिथे एकोचा शून्य येऊन बसतो. मग सगळेच यादीत "आहेत"!

आता महत्त्वाचं. साधं इफ-एल्स लिहिलं, तर १ आणि २ दोन्ही एल्समध्ये जातात. रिसोडची फाईल डाउनलोडच झाली नसेल, तरी रिसोडच्या माणसाला उत्तर मिळेल, "तुमचा अर्ज नाही." ऐन हंगामात तो काम सोडून चकरा मारत बसेल.

त्यापेक्षा केस वापरा. निकाल ० असेल तर उत्तर "आहे". १ असेल तर "नाही". बाकी काहीही असेल, तिथे तारा लावा आणि लिहा, "तपासता आलं नाही, नंतर विचारा." शेवटी केसचं स्पेलिंग उलटं, म्हणजे एसॅक.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये हे तिसरं उत्तर आहे का, एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!