तापी खोऱ्यातील भूजलाचा नकाशा



विहिरीची जागा दाखविण्याचा मान पुष्कळ गावी अजून पाणाड्याकडेच आहे. त्याचा अंदाज बरोबर ठरो वा चुको, खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथी पडतो. भूजलाचा नकाशा ग्रामपंचायतीत असावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

जळगाव व धुळे जिल्ह्यांची भूमी एकजात नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी भूकवचात मोठा भंग होऊन दक्षिणेकडील खडक खचला आणि त्या द्रोणीत नद्यांनी गाळ भरला. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर हा तो पट्टा. पायथ्यालगतचे गोटे व वाळू पाणी झपाट्याने मुरवितात. तापीकडे उतरावे तसतशी चिकणमाती वाढत जाते. याउलट साक्री, पारोळा, जामनेरकडे बहुतांशी काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते मुरमात आणि फटींत. धुळे-साक्री भागात या पाषाणाला लाव्हारसाच्या उभ्या भिंती छेदतात. त्या कोठे भूजल अडवितात, कोठे स्वतःच्या भेगांतून वाहून नेतात. एकाच शिवारातील दोन विहिरींची तऱ्हा निराळी का, याचा उलगडा पुष्कळदा येथे होतो.

केळीच्या मुलखात पाण्याला तोटा नाही, हा समज जुना आहे, आणि घातकही. पाषाणातील विहीर उन्हाळ्यात तळ दाखवून धन्याला सावध करते. गाळातील विंधण विहीर पाणी देतच राहते. पातळी खचली तर पंप आणखी खाली सोडला जातो आणि तूट झाकली जाते. शासकीय मूल्यमापनांत यावल व रावेर तालुक्यांची नोंद अतिशोषित अशी झाली, त्यामागे हे कारण आहे. तापीचे पाणी पायथ्याच्या याच पट्ट्यात मुरविण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा करार 10 मे 2025 रोजी झाला. तथापि ते पाणी येईपर्यंत उपसा थांबणार नाही. शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून पाणी मुरविण्याचे मोठे काम झाले आहे. त्याचा कित्ता गिरवू इच्छिणाऱ्या सदस्यांनी आधी आपल्या नाल्याखाली कोणता थर आहे, हे पाहावे.

पाणी किती, यासोबत ते कसे, हेही नकाशावर हवे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. खतांचा अतिरेक आणि विहिरीलगतचे उकिरडे ते वाढवितात. तान्ह्या बालकांना त्याचा धोका विशेष. शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

1972 साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत मोजते. पण प्रत्येक शिवारात तिची विहीर असणे शक्य नाही. त्याच महिन्यांत गावातील चार-पाच विहिरी दोरी व वजन घेऊन शाळेला मोजता येतील. कठड्याची उंची वजा करावी, उपसा थांबवून काही तासांनी मोजावे, आणि नोंदवही पंचायतीच्या कपाटात नव्हे, सर्वांना दिसेल अशी ठेवावी.