मॅनिफोल्ड बदलला, आता नळ्या कुठे लावायच्या?

मी कुंभकोणमहून बोलतोय. माझं मराठी तुम्हाला जरा वेगळं वाटेल. आमच्यासारखी घराणी तंजावरच्या मराठी राज्याच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, गॅरेजमध्ये दिवसभर तमिळ. कुंभकोणमचं नाव तुम्ही महामहम कुंडामुळे किंवा डिग्री कॉफीमुळे ऐकलं असेल. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले, आणि ते आमच्यासारखेच तंजावरी मराठी. एवढी ओळख पुरे. आजचा विषय बॉनेटखालचा आहे.

गाडीचा इन्लेट मॅनिफोल्ड बदलल्यावर व्हॅक्यूमच्या नळ्या कुठून कुठे न्यायच्या, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, काढल्या तशा लावायच्या. तसं होत नाही, कारण मॅनिफोल्ड बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीचा असतो.

आमच्या भागात जुन्या गाड्यांचा मॅनिफोल्ड का जातो ते आधी सांगतो. कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या पोटातून रेडिएटरचं गरम पाणी फिरतं. लोक कूलंट घालायचा कंटाळा करतात आणि बोअरिंगचं पाणी ओततात. क्षाराच्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं. मग पाणी कमी व्हायला लागतं, पॅकिंग बदलूनही गळती थांबत नाही, आणि शेवटी भंगारातून दुसरा मॅनिफोल्ड आणावा लागतो. तो त्याच इंजिनाचा असला तरी त्याच वर्षाचा असेलच असं नाही. जुन्यावर तीन निपल होते, नव्यावर पाच आहेत. किंवा उलट. मग मेकॅनिक काय करतो? जी नळी जिथपर्यंत पोचते तिथे लावतो, आणि उरलेल्या निपलवर नळीचा तुकडा दुमडून तार गुंडाळतो. गाडी सुरू होते. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

मागच्या मे महिन्यात माझ्याकडे एक कार्बोरेटरवाली मारुती एस्टीम आली. एस्टीम १९९४ साली आली, १२९८ सीसीची. सुरुवातीच्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या. मालक दारासुरमचे निवृत्त शिक्षक. बायकोला उपचारासाठी दर आठवड्याला तंजावरला न्यायचं, म्हणजे चाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. उन्हाळ्यात आजारी माणूस गाडीत, म्हणून एसी चालू. तक्रार अशी: "एसी लावला की ब्रेक दगडासारखा होतो. बंद केला की ठीक."

ही तक्रार ऐकून दुसऱ्या एका गॅरेजने ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला होता. फरक शून्य. मास्तर मला म्हणाले, "एसीचा आणि ब्रेकचा काय संबंध? माझीच काहीतरी समजूत होत असेल." मी म्हटलं, "सर, समजूत नाही. ब्रेक दाबून बघितला मी. मॅनिफोल्ड कधी बदलला?" तर दोन महिन्यांपूर्वी.

संबंध कसा आहे तो समजायला व्हॅक्यूम म्हणजे काय ते थोडं बघू. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. हवा ओढली जाते पण येत नाही, म्हणून झडपेच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये, दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी होतो. चांगल्या इंजिनाला आयडलिंगवर १७ ते २१ इंच पारा एवढा व्हॅक्यूम मिळतो. हा आकडा समुद्रसपाटीजवळचा. कुंभकोणमला तो चालतो, मुंबईलाही चालतो. पण दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो. पुण्यात पावणेदोन इंच कमी दिसेल, महाबळेश्वरला चारेक इंच. तेव्हा तिकडे १५ इंच बघून इंजिन खराब आहे म्हणून खोलू नका.

ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, मध्ये रबराचा पडदा. एका बाजूला व्हॅक्यूम असतो आणि पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते. हिशेब केला तर तीनशे चौरस सेंटिमीटरच्या पडद्यावर दोनशे किलोच्या आसपास जोर मिळतो. तो जोर गेला की सगळा भार तुमच्या पायावर.

इथे रेल्वेचं उदाहरण देतो, कारण आमच्या स्टेशनावर मीटरगेजच्या काळात व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या आम्ही रोज बघायचो. त्यातही पन्नास सेंटिमीटर पाऱ्याच्या आसपास व्हॅक्यूम असायचा, म्हणजे कारच्या आयडलिंगएवढाच. पण तिथे रचना उलटी. व्हॅक्यूम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबा सुटला की ब्रेक आपोआप लागतात. कारमध्ये नळी फुटली की ब्रेकची मदत जाते. रेल्वेच्या नळीला चूक माफ होती, कारच्या नळीला नाही. म्हणून बूस्टरच्या नळीत एक चेक वॉल्व असतो. तो हवा बूस्टरकडून इंजिनाकडेच जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. इंजिन बंद पडलं तरी डब्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो.

आता मास्तरांची गाडी. एसी लावला की इंजिनावर भार येतो आणि आयडलिंग पडतं. ते सावरायला व्हॅक्यूमवर चालणारा एक छोटा पडदा थ्रॉटल किंचित उघडतो. एसीच्या बटणाबरोबर विजेचा वॉल्व उघडतो आणि त्या पडद्याला व्हॅक्यूम मिळतो. नव्या मॅनिफोल्डवर या बारीक नळीचं निपल दुसऱ्या बाजूला होतं, नळी पोचत नव्हती. म्हणून कोणीतरी बूस्टरच्या जाड नळीत टी बसवून तिथून जोडणी घेतली होती. आणि टी कुठे? चेक वॉल्व आणि बूस्टरच्या मध्ये. त्यात भर म्हणजे तो छोटा पडदा जुना होऊन चिरलेला. एसी बंद असताना विजेचा वॉल्व बंद, सगळं ठीक. एसी लावला की चिरलेल्या पडद्यातून हवा थेट बूस्टरच्या डब्यात. पहिला ब्रेक लागायचा, लगेच दुसरा दाबला की दगड. तंजावरच्या रस्त्यावर बसच्या मागे असताना दुसरा ब्रेक किती लवकर लागतो ते इकडे गाडी चालवणाऱ्याला विचारा.

तेव्हा पहिला नियम, आणि यात मी तडजोड करत नाही: चेक वॉल्व आणि बूस्टर यांच्यामध्ये कुठलीही टी नको. नळी जाड, व्हॅक्यूमने चपटी न होणारी, मॅनिफोल्डच्या मोठ्या निपलवर थेट. चेक वॉल्ववरचा बाण इंजिनाकडे. नळी मध्ये लोंबती ठेवू नका, तिथे पेट्रोलची वाफ थंड होऊन साठते.

दुसरी जाड नळी इंजिनातली वाफ परत ओढणारी, पीसीव्हीची. ती मॅनिफोल्डच्या सामायिक पोटात लागायला हवी. एकाच सिलिंडरच्या रस्त्यावर लावली तर तेलाची सगळी वाफ त्याच सिलिंडरला जाते, प्लग काळा होतो आणि मिसिंग सुरू होतं. मग लोक प्लग बदलत बसतात.

बारीक नळ्यांत सर्वात जास्त घोळ डिस्ट्रिब्युटरच्या नळीचा. पुष्कळ कार्बोरेटर गाड्यांत तिचं निपल कार्बोरेटरवर, झडपेच्या किंचित वर असतं. आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम शून्य. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की झडपेची कड त्या भोकापलीकडे जाते, व्हॅक्यूम मिळतो आणि टायमिंग पुढे सरकतं. हीच नळी मॅनिफोल्डच्या रिकाम्या निपलवर लावली तर आयडलिंगलाच टायमिंग पुढे जातं, इंजिन वर बोंबलतं. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवून ते खाली आणतो. आयडलिंग शांत होतं, पण आता मूळ टायमिंग मागे पडलं. पिकअप गेला, इंजिन तापायला लागलं, पेट्रोल वाढलं, आणि दोष कार्बोरेटरला. काही इंजिनं मुळातच मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर बनवलेली असतात, त्यामुळे डोळे झाकून एकच नियम लावू नका. आपल्या इंजिनाचं पुस्तक बघा. आणि टायमिंग लावताना ही नळी काढून तिचं तोंड बंद करा, मगच लाइट लावा. कुठलं निपल झडपेच्या वरचं आणि कुठलं खालचं हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. आयडलिंगला बोट ठेवा. ओढ लागली तर खालचं. रेस केल्यावरच ओढ लागली तर वरचं.

एमपीएफआय गाडी असेल तर आणखी एक नळी जपायची, मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची, जिथे तो नळीने जोडलेला असतो. सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा वर आणि नळीला खाली उतार. मध्ये खळगा राहिला की पेट्रोल साचतं आणि आकडा चुकतो. त्या नळीतूनही टी काढायची नाही.

उरलेल्या निपलांना रबराच्या टोप्या मिळतात, त्या बसवा. दुमडलेली नळी दोन उन्हाळ्यांत तडकते. काहीजण फिश टँकची पारदर्शक नळी लावतात. दिसायला छान, पण गरम इंजिनाजवळ ती आधी मऊ पडून चपटी होते आणि नंतर कडक होऊन निपलवरून निसटते. पेट्रोलला टिकणारी रबराची नळीच घ्या. तिचं माप निपलवर बसवून बघा, डोळ्यांनी ठरवू नका.

मास्तरांच्या गाडीला आम्ही बूस्टरची नळी नवी आणि अखंड घातली, एसीची बारीक नळी लांब कापून मॅनिफोल्डच्या स्वतंत्र निपलवर नेली, चिरलेला पडदा बदलला. मग गेज लावून बघितलं. सुई १९ वर स्थिर. नंतर एकेक बारीक नळी पक्कडीने हलकेच चिमटली. चिमटल्यावर आयडलिंग बदललं की त्या नळीच्या पुढे गळती. पेट्रोलचा किंवा क्लीनरचा फवारा गरम इंजिनावर मारून गळती शोधणारे मी पाहिलेत. तसं करू नका, पेट घेतो.

शेवटी ब्रेकची परीक्षा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, म्हणजे डब्यातला साठा संपला. मग पेडल दाबून धरलं आणि इंजिन सुरू केलं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. तसं गेलं. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो आणि पेडल दाबलं. पहिले दोन दाब मऊ, तिसरा कडक, म्हणजे चेक वॉल्व साठा धरतोय. हेच सगळं एसी लावून पुन्हा केलं, कारण तक्रार एसीची होती. नळ्यांचा नकाशा कागदावर काढून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला, तमिळमध्ये. पुढचा मेकॅनिक कोण असेल ते मला माहीत नाही.